दिलेला नियम आणि आपल्या मनातला न्याय

वाचकाचा प्रश्न : परभणी जिल्ह्यातील एका गावची विद्यार्थिनी लातूरला राहून बारावीचा अभ्यास करते आहे. त्याबरोबर कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा ‘क्लॅट’ आणि राज्याची विधी ‘सीईटी’ या दोन्ही परीक्षांची तयारी चालू आहे. सराव परीक्षांत इंग्रजी आणि चालू घडामोडींत तिला बरे गुण मिळतात, बैठकव्यवस्था आणि नातेसंबंधांची कोडी ती सहज सोडवते. मात्र एखादा नियम आणि एखादी घटना देऊन ‘या नियमानुसार काय ठरेल’ असे विचारले की तिची निम्मी उत्तरे चुकतात. ‘ज्याच्यावर अन्याय झाला असे वाटते, त्याच्या बाजूचा पर्याय माझ्याकडून निवडला जातो,’ असे ती लिहिते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकल्यामुळे असे होत असावे, अशी तिला शंका आहे. शिकवणीतील सर म्हणतात, मन बाजूला ठेवून प्रश्न सोडव. तालुक्याच्या न्यायालयात वकिली करणारे मामा म्हणतात, आधी फौजदारी कायद्याची कलमे पाठ कर. वडील सोयाबीन विकून आलेल्या पैशातून तिला पुण्याच्या महागड्या शिकवणीला पाठवायला तयार आहेत. तिचे विचारणे असे की, ‘माझ्यात तर्कबुद्धीच कमी आहे का? मी कायद्यासाठी योग्य नाही असे समजून क्लॅट सोडावी आणि फक्त सीईटी द्यावी का?’

उत्तर :

तुझ्या पत्रातच तुझ्या पहिल्या शंकेचे उत्तर आहे, पण ते तुझ्या लक्षात आलेले दिसत नाही. आठ माणसांना गोल टेबलाभोवती अटींनुसार बसवण्याचे कोडे जिला सहज सुटते, तिच्यात तर्कबुद्धी कमी आहे असे म्हणता येणार नाही. त्या कोड्यातही नियमच दिलेले असतात आणि तिथेही तू ते घटनेला लावतेस. फरक एवढाच की, अमुक माणूस तमुकाच्या डावीकडे बसला म्हणून कोणाचे नुकसान होत नाही, कोणी कर्जबाजारी होत नाही, त्यामुळे तुला कोणाची बाजू घ्यावीशी वाटत नाही आणि तू फक्त दिलेल्या अटींकडे पाहतेस. नियम आणि घटनेच्या प्रश्नात माणसे येतात, त्यांची भांडणे येतात आणि तू न्यायाधीशाच्या जागी जाऊन बसतेस. तिथे ‘कोणाचे बरोबर’ असे कोणी विचारलेलेच नसते. दिलेल्या शब्दांवरून कोणता निष्कर्ष निघतो, एवढेच विचारलेले असते. तुझी उत्तरे चुकतात, कारण न विचारलेल्या प्रश्नाचे तू चांगले उत्तर देतेस.

माध्यमाची शंका तपासून पाहणे सोपे आहे. चुकलेले काही प्रश्न निवड आणि मैत्रिणीला ते मराठीत सांगायला लाव. मराठीत ऐकल्यावर उत्तर बरोबर येऊ लागले, तर अडचण इंग्रजीची आहे आणि तिचा उपाय वाचन वाढवणे हा आहे. मराठीत ऐकूनही तोच चुकीचा पर्याय निवडावासा वाटला, तर माध्यमाला दोष देणे थांबव. ग्रामीण भागातून आलेल्या मुली प्रत्येक अपयशाचे खापर मराठी शाळेवर फोडतात, हे मी अनेक वर्षे पाहते आहे. त्याने खरी चूक झाकली जाते, हा त्यातला तोटा. तुझे इंग्रजीचे गुण पाहता मला दुसरी शक्यता अधिक वाटते.

आता एक प्रश्न घेऊन बसू. तो मी मुद्दाम आपल्याकडच्या शेतातला रचला आहे, म्हणजे तुझे मन कुठे ओढले जाते ते तुलाच दिसेल.

नियम असा : जो मनुष्य आपल्या जमिनीवर मोठ्या प्रमाणावर पाणी साठवतो, तो ते पाणी फुटून शेजाऱ्याचे नुकसान झाल्यास, स्वतः कोणताही निष्काळजीपणा केलेला नसला तरी, भरपाईस जबाबदार असतो, परंतु ज्याचा अंदाज करणे शक्य नव्हते अशा नैसर्गिक आपत्तीमुळे किंवा शेजाऱ्याच्या स्वतःच्या कृतीमुळे पाणी फुटले असेल, तर तो जबाबदार नसतो. घटना अशी : एका अल्पभूधारक शेतकऱ्याने कर्ज काढून शेततळे खोदले, चांगल्या प्रतीचा कागद अंथरला आणि अभियंत्याकडून बांध तपासून घेतला. एका रात्री बांध खचला आणि शेजारच्या शेतातील सोयाबीनची गंजी वाहून गेली. शेजारी मोठा आडत व्यापारी आहे. पर्याय चार. पहिला : शेतकरी जबाबदार नाही, कारण त्याने शक्य ती सर्व काळजी घेतली होती. दुसरा : तो जबाबदार आहे, कारण काळजी घेतली होती की नाही याने या नियमात फरक पडत नाही. तिसरा : तो जबाबदार नाही, कारण शेततळ्यांसाठी शासनच अनुदान देते. चौथा : तो जबाबदार आहे, कारण त्याने शेजाऱ्याला आधी सावध करायला हवे होते.

तुझा हात पहिल्या पर्यायाकडे गेला असेल, असा माझा अंदाज आहे. शेतकरी लहान आहे, कर्जात आहे, त्याने सगळे नीट केले आहे. समोरचा आडतवाला एक गंजी गेली म्हणून उपाशी राहणार नाही. पण नियमात ‘स्वतः कोणताही निष्काळजीपणा केलेला नसला तरी’ हे शब्द आहेत आणि पहिला पर्याय नेमका त्याच शब्दांच्या विरुद्ध जातो. प्रश्न रचणाऱ्याने अभियंता आणि चांगल्या प्रतीचा कागद घटनेत घातला, तो या शब्दांकडे तुझे दुर्लक्ष व्हावे म्हणून. शेजारी आडतवाला आहे हेही त्याचसाठी, कारण नियमात शेजाऱ्याच्या ऐपतीचा उल्लेख कुठेच नाही. तिसऱ्या पर्यायातील अनुदानाची गोष्ट खरी आहे. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना राज्यात २०१६ मध्ये सुरू झाली, हे तुला ठाऊक असेल आणि म्हणूनच तो पर्याय ओळखीचा वाटतो. परंतु अनुदान मिळाले म्हणून जबाबदारी टळते, असे नियम म्हणत नाही. चौथा पर्याय सर्वांत फसवा आहे, कारण त्याचा निष्कर्ष बरोबर असून कारण चुकीचे आहे. सावध करण्याची अट नियमात नाही. ती तुझ्या-माझ्या शेजारधर्मातून आलेली आहे. अर्धा पर्याय वाचून खूण करणारे विद्यार्थी इथे एक गुण गमावतात. म्हणून पर्याय वाचताना ‘कारण’ या शब्दाच्या पुढचा भाग आधी वाचण्याची सवय लाव. दुसरा पर्याय उरतो आणि तोच उत्तर आहे.

याच घटनेत एक वाक्य वाढवू : ‘त्या रात्री पाऊस पडत होता.’ आता उत्तर बदलते का? बदलत नाही. सोयाबीन काढणीच्या दिवसांत आपल्याकडे पाऊस कसा कोसळतो हे तू पाहिले आहेस, त्यामुळे ‘पाऊस’ हा शब्द वाचताच तुझे मन त्याची अतिवृष्टी करून टाकते. घटनेत मात्र नुसता पाऊस आहे. अंदाज करता न येणारी आपत्ती नाही, आणि पावसामुळेच बांध खचला असेही म्हटलेले नाही. त्याऐवजी ‘त्या भागात कधीही नोंदली गेली नव्हती एवढी वृष्टी त्या रात्री झाली आणि तिच्या दाबाने बांध खचला’ असे वाक्य असते, तर अपवाद लागू झाला असता आणि उत्तर उलटले असते. एकाच शेततळ्याची दोन उत्तरे, आणि दोन्ही वेळा शेतकरी तेवढाच गरीब. नियमाच्या शब्दांत जसे बाहेरचे काही मिसळायचे नाही, तसे घटनेतही मिसळायचे नाही. माझ्या पाहण्यात मुलांच्या चुका नियमापेक्षा घटनेत भर घातल्यामुळे अधिक होतात, कारण नियम वाचताना सगळे सावध असतात आणि घटना मात्र गोष्टीसारखी वाचली जाते.

तुझ्या सरांचा सल्ला अर्धा बरोबर आहे. परीक्षेत मन आड येते हे त्यांनी ओळखले. पण ‘मन बाजूला ठेव’ एवढे सांगून ते कुठे ठेवायचे हे कळत नाही, आणि मग तुझ्यासारखी मुलगी असे समजते की, ज्याला वाईट वाटत नाही तोच चांगला वकील होतो. तुला धुऱ्याची भांडणे ठाऊक असतील. भूमी अभिलेख कार्यालयाचा भूकरमापक येतो, तेव्हा कोणाच्या आजोबांनी कुठपर्यंत औत हाकले याची चौकशी करत बसत नाही. नकाशाप्रमाणे मोजतो आणि खुणा दाखवून जातो. नकाशाच चुकला असे ज्याला वाटते, त्याने वर अपील करायचे असते. परीक्षेतील या प्रश्नापुरते तुझे काम मोजणीचे आहे.

आणि अपील करण्याची जागा कायद्यात खरोखरच आहे. शेततळ्याचा जो नियम मी वर दिला, तो इंग्लंडमधील ‘रायलँड्स विरुद्ध फ्लेचर’ या खटल्यातून आलेला आहे. एका गिरणीमालकाने बांधून घेतलेल्या तळ्याचे पाणी जुन्या खाणकामाच्या बुजलेल्या उभ्या विवरांतून शेजारच्या कोळशाच्या खाणीत शिरले, आणि मालकाची स्वतःची चूक नसतानाही तो जबाबदार आहे, असे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, हाउस ऑफ लॉर्ड्सने, १८६८ मध्ये ठरवले. पुढे त्या नियमाला नैसर्गिक आपत्तीसारखे अपवाद मान्य झाले. भोपाळची दुर्घटना डिसेंबर १९८४ मध्ये घडली आणि एका वर्षाने, डिसेंबर १९८५ मध्ये, दिल्लीतील एका कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. त्या प्रकरणात सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या घटनापीठाने असे म्हटले की, धोकादायक उद्योग चालवणाऱ्याला या जुन्या नियमातील अपवादांचा आधार घेता येणार नाही; त्याची जबाबदारी पूर्ण राहील. जुना नियम अपुरा आहे हे त्यांना दाखवता आले, कारण तो कुठपर्यंत नेतो आणि कुठे हात टेकतो हे त्यांनी आधी काटेकोरपणे पाहिले होते. नियम वाचून तुला चीड येते, ही कायद्यासाठी अपात्र असल्याची खूण नव्हे. उलट, चीडच न येणाऱ्यांची मला अधिक काळजी वाटते. फक्त ती चीड व्यक्त करण्याची जागा चार पर्यायांत नसते.

याच निकालावरून मामांच्या सल्ल्यातला धोकाही दाखवता येतो. ओलियम प्रकरण वाचलेला विद्यार्थी परीक्षेला बसतो. प्रश्नात एका रसायनाच्या कारखान्याची घटना असते आणि नियमात मात्र ‘नैसर्गिक आपत्तीचा अपवाद’ स्पष्ट लिहिलेला असतो. हा विद्यार्थी मनात म्हणतो, सर्वोच्च न्यायालयाने तर अपवाद काढून टाकले, आणि चुकीच्या पर्यायावर खूण करतो. त्याचे ज्ञान बरोबर आहे आणि उत्तर चुकीचे. अल्पवयीन मुलाच्या कराराचेही असेच होते. अल्पवयीनाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, असे ब्रिटिश काळात भारतातील खटल्यांची शेवटची अपिले ऐकणाऱ्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये ‘मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष’ या खटल्यात ठरवले. पुढे १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याने काही प्रसंगी त्याला झालेला लाभ परत करण्याचा आदेश न्यायालयाला देता येऊ लागला. नियमात फक्त पहिली गोष्ट दिली असेल आणि तू दुसरी आठवून उत्तर दिलेस, तर अभ्यास केल्याचा तोटाच होईल. २०२० पूर्वीच्या क्लॅटमध्ये तर सूचनाच अशी असे की, दिलेली तत्त्वे प्रत्यक्ष कायद्यात खरी असोत वा नसोत, ती खरीच धरून चालायचे. आता साडेचारशे शब्दांपर्यंतचा उतारा देऊन त्यावर प्रश्न विचारतात आणि नियम शोधून काढण्याचे कामही तुझ्यावरच पडते. तरी उताऱ्यातला नियम हाच नियम, ही गोष्ट बदललेली नाही.

शिवाय मामांनी पाठ केलेली कलमे आता तशी राहिलेली नाहीत. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि चोरीची जी व्याख्या ३७८ व्या कलमात होती ती ३०३ व्या कलमात गेली. पाठ करायचेच असेल तर आकडा सोडून दे आणि व्याख्येची रचना पाहा. चोरी ठरण्यासाठी वस्तू जंगम, म्हणजे हलवता येण्याजोगी, हवी, ती दुसऱ्याच्या ताब्यात हवी, त्याची संमती नसावी, हेतू अप्रामाणिक असावा आणि वस्तू हलवलेली असावी. हे सगळे एकत्र असावे लागते. एक जरी गळले तरी चोरी ठरत नाही. बसस्थानकावर स्वतःची समजून दुसऱ्याची छत्री उचलणारा चोर नाही, कारण हेतू नाही. जमिनीत उभा असलेला ऊस जंगम नसतो, पण तोडला की होतो. नियमातील घटक ‘आणि’ने जोडले आहेत की ‘किंवा’ने, हे पाहिल्याशिवाय घटनेकडे वळूच नकोस. शेततळ्याच्या नियमातील दोन अपवाद ‘किंवा’ने जोडलेले होते, म्हणजे दोहोंपैकी एक पुरे होता.

आता त्या चुकीबद्दल, जी हुशार मुलांकडूनही होते आणि जिच्यासाठी मला या उत्तरात सर्वांत अधिक जागा हवी आहे. अट पूर्ण होणे आणि परिणाम मिळणे, या दोन गोष्टींतील संबंध कोणत्या दिशेने जातो ते ओळखायचे असते. पीक विम्याचे उदाहरण घे. वैयक्तिक नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागत असे, ही अट तुझ्या वडिलांनाही ठाऊक असेल. समज, प्रश्नातील नियम असा आहे : ‘७२ तासांच्या आत सूचना दिली, तरच दावा मंजूर होऊ शकतो.’ एका शेतकऱ्याने ८० तासांनी सूचना दिली. त्याचा दावा मंजूर होणार नाही, हे नक्की सांगता येते. दुसऱ्याने ४८ तासांत दिली. त्याचा दावा मंजूर होईल का? या नियमावरून काहीच सांगता येत नाही. त्याने एक अट पाळली. इतर अटी असू शकतात, आणि नियम त्यांबद्दल गप्प आहे. ‘त्याने वेळेत सूचना दिली, म्हणून त्याला पैसे मिळायलाच हवेत’ हा पर्याय वाचताना मनाला पटतो, विशेषतः ज्यांच्या घरी दावा नाकारल्याचा अनुभव आहे त्यांच्या मनाला, आणि तो चुकीचा असतो. उलट नियम असा असता की, ‘७२ तासांच्या आत सूचना दिली, तर दावा मंजूर केला जाईल’, तर ४८ तासांच्या शेतकऱ्याला पैसे मिळतील हे नक्की ठरते. पण ८० तासांच्या शेतकऱ्याबद्दल या वाक्यावरून काहीच ठरत नाही. त्याला दुसऱ्या एखाद्या मार्गाने मिळूही शकतील. पहिल्या वाक्याचा उपयोग नाकारण्यासाठी होतो, दुसऱ्याचा मंजूर करण्यासाठी. इंग्रजीत हा फरक एखाद्या लहानशा शब्दावर अवलंबून असतो आणि ‘जोपर्यंत असे होत नाही, तोपर्यंत’ अशा वाक्यांतही तोच लपलेला असतो. उताऱ्यात असे वाक्य दिसले की समासात बाण काढ : कुठून कुठे जाता येते. बाणाच्या उलट दिशेने निघालेला पर्याय खोड.

हाच फरक उलट्या प्रकारच्या प्रश्नांत फार उपयोगी पडतो. तिथे घटना आणि निर्णय आधी दिलेले असतात आणि ‘खालीलपैकी कोणते तत्त्व या निर्णयाचे समर्थन करते’ असे विचारतात. अमेरिकेतील विधी महाविद्यालयांच्या ‘एलसॅट’ या परीक्षेत अशा प्रश्नांचा मोठा वाटा असतो. ऑगस्ट २०२४ पासून तिच्यातून कोड्यांचा विभाग काढून टाकला आणि गुण धरले जाणारे तर्काचे दोन विभाग ठेवले, त्यामुळे तर तो वाढलाच. समज, एका ग्रामपंचायतीने टँकरचे पाणी आधी अशा वस्तीला द्यायचे ठरवले, जिथे विहीर नाही की बोअर नाही, जरी त्या वस्तीने पाणीपट्टी भरलेली नसली. समर्थनासाठी तीन तत्त्वे समोर आहेत. एक म्हणते, पाणी ही सर्वांची मूलभूत गरज आहे. दुसरे म्हणते, ज्यांच्याकडे पाण्याचा दुसरा स्रोत नाही, त्यांनाच टँकरचे पाणी आधी देता येते. तिसरे म्हणते, ज्यांच्याकडे पाण्याचा दुसरा स्रोत नाही, त्यांना, त्यांनी पट्टी भरलेली असो वा नसो, टँकरचे पाणी आधी दिले पाहिजे. पहिले उदात्त आहे आणि त्यावरून आधी कोणाला द्यायचे ते ठरतच नाही. दुसरे फसवे आहे : स्रोत असलेल्यांना आधी देता येणार नाही, एवढेच ते सांगते, या वस्तीला दिलेच पाहिजे, असे सांगत नाही. तिसरे तत्त्व घटनेपासून निघते आणि थेट निर्णयापर्यंत पोचते. अशा प्रश्नात सर्वांत सुंदर वाक्य निवडायचे नसते. ज्याचा शेवट निर्णयावर होतो ते निवडायचे असते, मग ते कितीही रुक्ष असो.

सरावाची पद्धत म्हणून मी एकच गोष्ट सांगते, कारण बाकीच्या तुझी शिकवणी सांगतेच. उत्तराच्या शेजारी नियमातील तो शब्द किंवा शब्दसमूह लिही, ज्याच्या आधारे तू उत्तर निवडलेस. शेततळ्याच्या प्रश्नात ‘नसला तरी’ एवढे दोन शब्द पुरतात. शब्द सापडला नाही, तर उत्तर तुझ्या मनातून आले आहे असे समज आणि पुन्हा वाच. सुरुवातीला याला फार वेळ लागेल, सराव परीक्षेतील गुण कदाचित घसरतील, आणि तेव्हा घाबरून पद्धत सोडू नकोस. चुकलेल्या उत्तरांपुढे चूक कोणती होती तेही लिहून ठेव : नियमात भर, घटनेत भर, बाणाची दिशा, की अर्धा वाचलेला पर्याय. थोड्याच दिवसांत तुला दिसेल की, तुझ्या बहुतेक चुका एकाच प्रकारात मोडतात. मग सराव तेवढ्याचाच करायचा. त्यासाठी नवी पुस्तके विकत घ्यायची गरज नाही. क्लॅट घेणाऱ्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या संघाच्या संकेतस्थळावर मागील प्रश्नपत्रिका उपलब्ध आहेत. २०२० पूर्वीच्या, नियम आणि घटना वेगवेगळे दिलेल्या प्रश्नांपासून सुरुवात कर आणि मग उताऱ्यांकडे ये.

शंका असलेले प्रश्न सोडून द्यावेत का, हे तू विचारलेले नाहीस, पण अशी मुले ते सोडतातच. क्लॅटमध्ये १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात, बरोबर उत्तराला एक गुण आणि चुकीला पाव गुण वजा. चारही पर्याय सारखेच अनोळखी असतील, तर अंदाजाने मिळणारे सरासरी फळ जवळजवळ शून्य असते, म्हणून सोडलेस तरी बिघडत नाही. परंतु वरच्या पद्धतीने दोन पर्याय खोडता आले असतील, तर उरलेल्या दोहोंतील अंदाजाचे सरासरी मोल गुणाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक भरते, आणि असा प्रश्न सोडणे हे नुकसान आहे. सीईटीत चुकीला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे तिथे एकही प्रश्न कोरा ठेवू नकोस.

क्लॅट सोडावी का? माझे मत स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. क्लॅट डिसेंबरात होते आणि सीईटी त्यानंतर उन्हाळ्यात, त्यामुळे एकीसाठी दुसरी सोडण्याचे कारण नाही. क्लॅटच्या पाच विभागांत विधी तर्काचा, म्हणजे नियम घटनेला लावण्याच्या या प्रश्नांचा, वाटा साधारण एक चतुर्थांश असतो. सीईटीतही विधी तर्काचा विभाग आहेच, म्हणजे क्लॅट सोडून तू या प्रश्नांपासून सुटणार नाहीस. सीईटी मराठीतही देता येते, ही तुझ्या सोयीची बाजू आहे, आणि छत्रपती संभाजीनगर किंवा लातूरच्या विधी महाविद्यालयांत शिकून उत्तम वकील झालेली कितीतरी माणसे औरंगाबाद खंडपीठात काम करताना दिसतात. परंतु संभाजीनगरचेच राष्ट्रीय विधी विद्यापीठ, जे २०१७ पासून चालू आहे, त्याचा दरवाजा क्लॅटमधून उघडतो. परीक्षा न देता तो स्वतःहून बंद करू नकोस.

पुण्याच्या शिकवणीबद्दल मात्र वडिलांना थांबायला सांग. तुझी अडचण एका प्रकारच्या प्रश्नांची आहे. ती नव्या शहरातील खोलीभाड्याने आणि मोठ्या शुल्काने सुटणारी नाही. दोन महिने वहीत शब्द लिहून सराव कर, आणि त्यानंतरही चुका तेवढ्याच राहिल्या तर पुण्याचा विचार करता येईल. तेव्हाही आधी वही दाखवून ‘यातल्या कोणत्या चुकीवर तुम्ही काय करता’ असे शिकवणीवाल्यांना विचार. नीट उत्तर मिळाले नाही तर पैसे भरू नका.

आणि मामांचा तुला फार उपयोग होणार आहे, फक्त ते सांगतात तसा नव्हे. कलमे विचारण्याऐवजी त्यांना त्यांच्या न्यायालयातील एखादे निकाली निघालेले प्रकरण, नावे वगळून, सांगायला लाव : आधी नियम, मग घटना, आणि निकाल मात्र राखून ठेवायला सांग. तू तुझे उत्तर, शब्दासकट, लिही आणि मग निकाल विचार. दोन्ही जुळले नाहीत, तर मामांशी वाद घालण्यापूर्वी त्यांना एवढेच विचार की, न्यायाधीशांसमोर होती पण तुला सांगायची राहिली अशी कोणती गोष्ट त्या घटनेत होती.